डायरेक्ट

आग दिसली तेव्हा सकाळचे सहा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. इतकी नेमकी वेळ सांगता येते, कारण त्याच मिनिटाला व्याह्यांचा फोन वाजला. वऱ्हाड नांदुऱ्याहून निघालं, एवढंच सांगायला. तो मी उचलला नाही. नंतर मोबाइलमध्ये लाल अक्षरांत राहिलेली ती वेळ डायरीत उतरवून घेतली आणि तिथून मागे मागे जात आदला अख्खा दिवस मांडत बसलो. बायकोला वाटलं, विम्याचे कागद भरतोय.

सकाळी १०.३० : वीस तास आधी

भाचीने केस धुतले. लग्नघरात नवरीने केस धुणं ही काही बातमी नाही, पण आमच्याकडे आधी पाण्याची गोष्ट सांगावी लागते. जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याला. (खानदेशातल्या जळगावशी घोटाळा नको म्हणून शेजारच्या जामोदचं नाव मागे लागलं, तरी आमची पार्सलं अधूनमधून तिकडे फिरून येतात. हे पुढे कामाला येणार आहे.) डोंगराकडून पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि धुतलेले केस सुंभासारखे होतात. त्या दिवशी आमचा नळाचा दिवस नव्हता. पाहुण्यांसाठी टँकर मागवला होता, त्याचं पाणी मचूळ निघालं.

केसांवरून आमच्या जिल्ह्याची चेष्टा पुढे पुष्कळ झाली. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यापुंजक्यांनी गळायला लागले आणि 'टक्कल' हा शब्द बुलडाण्याला चिकटला. आधी संशय पाण्यावरच गेला. आयसीएमआरचं पथक येऊन गेलं, मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आमच्या घरातली गोष्ट त्याच्या काही वर्षं आधीची, आणि तिच्यात पाण्याचा गुन्हा एवढाच की केस चिकट राहिले आणि ड्रायर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवावा लागला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो गप्प झाला.

"मामा, थो ड्रायर पाहा ना. सुरूच होऊन नाही राहिला."

मी तरुणपणी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलेला. पुढे नोकरी शाळेतल्या कारकुनाची लागली, पण नातेवाइकांत मी अजून वायरमनच. मांडवाची माळ बंद पडली तरी मला हाक, कूलरचा पंप अडला तरी मलाच. खोटं कशाला बोलू, ही हाक ऐकायला बरं वाटतं.

दुपारी १२.१५ : सव्वाअठरा तास आधी

मुठीवरचे दोन स्क्रू सहज निघाले. तिसरा स्टिकरखाली दडवलेला असतो, तो नखाने शोधावा लागतो. मग दोन्ही कवचं शेंगेसारखी उकलतात.

ज्याने हेअर ड्रायर कधी उघडून पाहिला नाही त्याला वाटतं, आत काहीतरी नाजूक शास्त्र असेल. आत एक शेगडी आहे आणि एक पंखा. शेगडी म्हणजे नायक्रोमची तार, निकेल आणि क्रोमियमची. अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या माणसाने १९०६ साली या मिश्रधातूचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून इस्त्री, टोस्टर, हीटर, ड्रायर, सगळ्यांच्या पोटात हीच तार आहे. लालबुंद झाली तरी ती सहजी जळत नाही, कारण तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतल्या धातूला हवा लागू देत नाही. ही तार अभ्रकाच्या, म्हणजे आमच्या भाषेत माइकाच्या, फुलीसारख्या चौकटीवर गुंडाळलेली असते. माइका उष्णता सोसतो आणि वीज जाऊ देत नाही. असे दोन्ही गुण एकत्र असलेली वस्तू निसर्गात फार नाही. चौकटीभोवती माइकाचीच एक नळी असते, कवचाचं प्लास्टिक आणि तार यांच्या मधली. ही नळी लक्षात ठेवा.

खरी गंमत मोटारीची. ती पोरांच्या खेळण्यातल्या मोटारीची बहीण. थेट २३० व्होल्ट दिले तर जागीच जळेल. म्हणून तिच्या वाटेत वेगळी छोटी कॉइल घालतात, बराचसा दाब ती खाते. मोटारीच्या पाठीवर चार डायोड बसवलेले असतात, एसीचं डीसी करायला. थोडक्यात, पंख्याला वीज मिळते ती शेगडीच्या हातून, आणि शेगडी गार राहते ती पंख्याच्या वाऱ्यावर. संसार असा एकमेकांवर टेकलेला. पंखा मंदावला किंवा जाळी बुजली की तार काही सेकंदांत लाल होते.

त्यासाठी आत दोन पहारेकरी ठेवलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट. दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी. तापली की एक धातू जास्त वाढतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की पुन्हा जुळते. दुसरा थर्मल फ्यूज. गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी, वर बारीक आकड्यांत अंश छापलेले. तिच्या आत एक गोळी असते. ठरलेल्या तापमानाला ती वितळते, दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि वाट बंद. ही कायमची बंद. गार झाल्यावर जुळणं वगैरे नाही. पहिला माणूस रोज झोपतो-उठतो, दुसरा एकदाच मरतो.

मागच्या जाळीवर केसांचा आणि कापसाच्या तंतूंचा चक्क नमदा बसलेला होता. कपाशीच्या तालुक्यात डिसेंबरच्या हवेत तंतू उडतच असतात. तो नमदा मी चिमट्याने सोलून काढला. तेव्हाच उत्तर हातात आलं होतं.

दुपारी १.३० : सतरा तास आधी

सिरीज बोर्ड काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: संशयित वस्तूला एका बल्बच्या मागे एकसर जोडायचं. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, वाट तुटलेली असेल तर पेटतच नाही, सगळं ठीक असेल तर मंद. घरातला फ्यूज उडवून परीक्षा घेण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची. बल्ब पेटला नाही.

मग प्लग काढून मल्टिमीटर. कॉइल ५३ ओहम. हजार वॅटच्या ड्रायरला २३० व्होल्टवर तेवढाच यायला हवा, ४.३ अँपियरच्या आसपास करंट. म्हणजे कॉइल शाबूत. मोटार शाबूत. वायरही ठीक, ०.७५ चौरस मिलिमीटर, चोवीस केसांची. थर्मल फ्यूज मेलेला.

थर्मोस्टॅटकडे भिंग लावून पाहिलं. संपर्काचे दोन्ही ठिपके काळे पडलेले, एकावर खड्डा, दुसऱ्यावर तेवढीच गुठळी. असा खड्डा-गुठळी दिसली की समजायचं, ठिणग्यांनी धातू इकडचा तिकडे चाललाय आणि एक दिवस दोन्ही ठिपके एकमेकांना डसून बसणार. आयटीआयच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. खरं तर ते आधीच एकदा डसले असणार, नाही तर फ्यूजवर मरायची पाळी कशी आली असती? पहिला पहारेकरी झोपला म्हणून दुसऱ्याने जीव दिला. मी मेलेल्याकडे पाहत राहिलो. झोपलेल्याच्या तोंडावर नुसता पॉलिश पेपर फिरवला. दोन घासण्यांत ठिपके चकाकले.

दुपारी ३.०५ : साडेपंधरा तास आधी

बाजारात थर्मल फ्यूज विचारला. एका दुकानात काचेचे फ्यूज दाखवले. दुसऱ्यात मिक्सरचे कार्बन. तिसऱ्या दुकानातला पोरगा हसला. "कोन बसवते थो, काका? सगळे डायरेक्टच करतेत." खामगावला मिळेल, नाही तर अकोल्याला. ऑनलाइन मागवला तर चार दिवस, आणि पार्सल त्या दुसऱ्या जळगावला गेलं तर आठ. लग्न उद्या सकाळी ११ वाजून काही मिनिटांनी.

नवा ड्रायर का नाही घेतला, असं कोणी विचारेल. त्या दिवशी दुकानं उघडी होती आणि पैसेही खिशात होते. पण मी वायरमन होतो ना.

दुपारी ३.४५ : पावणेपंधरा तास आधी

'डायरेक्ट' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायच्या फंदात पडू नये. तो आता मराठीच आहे. मोटारीच्या स्टार्टरचा ओव्हरलोड रिले वारंवार पडतो? डायरेक्ट करा. फ्रिजचा थर्मोस्टॅट गेला? तात्पुरता डायरेक्ट. गिझरचा कटआउट त्रास देतोय? डायरेक्ट. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायच्या रात्री फ्यूजच्या किटकॅटमध्ये बोटाएवढी तांब्याची तार घालणारे शेतकरी मी पाहिलेत आणि त्यांना दोषही देत नाही, कारण लाइट मोजक्या तासांचीच असते. हा शब्द उच्चारताना माणसाच्या आवाजात एक छोटा विजय असतो. मधला अडवणारा दूर केला. तलाठ्याला टाळून काम झालं, तसं.

मी तांब्याच्या वायरीचा बोटभर तुकडा सोलला. फ्यूजच्या दोन्ही पायांना तो पीळ दिला, पकडीने आवळला, वरून फायबरची स्लीव्ह चढवली. साधी प्लास्टिकची टेप तिथे चालत नाही, तापून ओघळते. पीव्हीसीचं इन्सुलेशन साधारण सत्तर अंशांपर्यंतच भरवशाचं. हेही मला माहीत होतं. थर्मल फ्यूज कधी झाळायचा नसतो, झाळणीच्या उष्णतेने तोच वितळतो. त्याचे पाय क्रिंपच्या नळीत दाबून बसवायचे असतात, हेही ठाऊक होतं. अज्ञान बिचारं बदनाम आहे. माझ्याकडे ते पुरेसं नव्हतं.

काम मात्र सुबक केलं. पीळ इतका घट्ट की ओढून सुटला नसता.

संध्याकाळी ५.१० : सव्वातेरा तास आधी

उघडणं सोपं, जोडणं कठीण. लहानपणी रेडिओ जोडून झाल्यावर हातात एक स्क्रू उरायचा, तसं या वेळी माइकाच्या नळीचा अर्धा तुकडा उरला. उघडतानाच ती तडकली होती. उरलेली अर्धी बसवली, फुटकी बाजू वर येईल अशी. तापलेली हवा वर जाते, म्हणजे नेमकी उलटी.

नीट जोडणी कशी करतात ते सांगून टाकतो, कारण त्या संध्याकाळी मी तशी केली नाही. आधी कॉर्डची खीळ, म्हणजे वायर मुठीत शिरते तिथला तो छोटा प्लास्टिकचा दाब. तो स्क्रूने आवळायचा, म्हणजे कोणी वायर ओढली तर ताण झाळणीवर न येता दाबावर येईल. फेज आधी बटणातून, मग थर्मल फ्यूज, मग थर्मोस्टॅट, मग कॉइल. दोन्ही पहारेकरी वाऱ्याच्या वाटेत, पंखा आणि तारेच्या पुढच्या बाजूला, जिथे उष्णता खरी कळते. एकही वायर कवचाच्या दोन ओठांत चिमटायची नाही. मोटारीचे लाल-काळे उलटे लावायचे नाहीत. लावले तर पंखा उलटा फिरतो आणि ड्रायर केसांकडची हवा आत ओढायला लागतो. कवच बंद करून हलवून पाहायचं, आत काही खुळखुळता कामा नये. आणि मग प्लगच्या पिना ते बाहेरचं कवच, इन्सुलेशन तपासायचं.

ड्रायरला अर्थिंग नसतं. पिना दोनच. अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन छापलेला असतो. त्याचा अर्थ, या वस्तूला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगवर ती अवलंबून नाही. कवच हेच तिचं अर्थिंग. म्हणून त्याच्या आतलं काही उरलं, तडकलं, चेंगरलं तर ते 'एवढंसं' नसतं. शिवाय दोन पिनांचा प्लग कसाही लागतो. एका बाजूने लावला तर बटण फेज तोडतं, उलटा लावला तर न्यूट्रल. मग बटण बंद असूनही कॉइल जिवंत. अमेरिकेत बंद ड्रायर न्हाणीच्या टबात पडून माणसं मरायची ती याचमुळे. तिथे १९९१ पासून ड्रायरच्या प्लगलाच अशी पेटी बसवावी लागली की बटण चालू असो वा बंद, पाण्यात पडताच वीज तुटेल. आपल्या घरांत टब नाहीत, पण मोरी आहे, आणि आमच्याकडे मोरीतलं पाणी खारट.

खिळीचा एक स्क्रू सापडेना. टेप गुंडाळली.

संध्याकाळी ६.२० : बारा तास आधी

चाचणी. बटण दाबलं, वारा आला, बहीण म्हणाली, "भाऊच्या हातात जादू हाय." दहा मिनिटं चालवला. कवच कोमट. वास नाही.

बोर्डवर मीटर लावला होता, १९० व्होल्ट. संध्याकाळी सगळ्या गावाच्या शेगड्या, मोटारी, मांडवाचे हॅलोजन चालू असले की आमच्याकडे एवढाच दाब राहतो. वॅट हे व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटतात. १९० व्होल्टवर माझा हजार वॅटचा ड्रायर ६८० वॅटचा झाला होता. पहाटे गाव झोपलेलं असताना हाच दाब २४५ पर्यंत चढतो, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर मी तो नेहमी पाहतो. तेव्हा तोच ड्रायर ११३० वॅट ओढणार होता. मी परीक्षा घेतली ती आजारी माणसाची, आणि दाखला दिला पैलवानाला.

रात्री ९.०० : साडेनऊ तास आधी

हळद झाली. रुखवत मांडलं गेलं, आतल्या खोलीत. बहिणीने आणि तिच्या जावांनी चार महिने खपून केलेलं: लोकरीचं तोरण, शेवयांची परडी, डाळींची रांगोळी, कापसाचा गणपती. शेजारी गाद्या-रजयांचा ढीग. आमच्याकडच्या रजया घरच्या कापसाच्या, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या.

रात्री १.३० : पाच तास आधी

झोप लागेना. ओसरीवर पडून होतो. हीच वेळ भंडाऱ्याची, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आता ही ओळ लिहिताना येतं आणि नंतर प्रत्येक वेळी येत राहिलंय.

९ जानेवारी २०२१. रात्री दीडच्या सुमाराला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात धूर दिसला. आत सतरा बाळं होती. सात बाहेर काढता आली, दहा गेली. चौकशीत बोट गेलं ते रेडियंट वॉर्मरकडे. वॉर्मर म्हणजे दुसरं काय? बाळाच्या डोक्यावर टांगलेली तापती कॉइल, तिला आवरणारा तापमापक, आणि खाली गादी. ड्रायरचाच मोठा, सरकारी भाऊ. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर आम्ही पेपर मोठ्याने वाचले होते. कोण निलंबित झालं, मंत्री काय म्हणाले, सगळं. संतापलो होतो. मी तर म्हणालो होतो की अशा यंत्रांच्या सेफ्टीशी खेळणाऱ्यांना फाशी द्या.

आणि वर्तमानपत्रांनी कारण दिलं होतं त्यातला पहिला शब्द: 'शॉर्ट सर्किट'.

पहाटे ४.५० : एक तास चाळीस मिनिटं आधी

पोरी उठल्या. पार्लरवाली मुलगी आली, आतल्या खोलीतच आरसा मांडला. ड्रायर सुरू झाल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. छान, भरीव आवाज. संध्याकाळपेक्षा चढा.

पहाटे ५.४० च्या सुमाराला : पन्नास मिनिटं आधी

लाइट गेली.

"गेली वाटते!" असा एक सामुदायिक सुस्कारा. शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर. नवरी, पार्लरवाली, तिची पेटी, चार मैत्रिणी, मोबाइलच्या उजेडात सगळी वरात शेजारी गेली. ड्रायर कुणाच्या हातात होता ते मी कधी विचारलं नाही. जिच्या हातात होता तिने तो रजईवर ठेवला. कोणीही तेच करेल. चालू असलेली वस्तू आवाजाने आणि वाऱ्याने सांगते, मी चालू आहे. वीज गेल्यावर दोन्ही नाहीत. बटण मात्र वर सरकवलेलंच राहतं. अंधारात बटण कोण पाहतं?

सकाळी ६.१० : वीस मिनिटं आधी

"आली रे आली!"

मांडवातला स्पीकर मधल्याच शब्दापासून ओरडला. माळा लागल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हसलो. आतल्या खोलीत, बंद दाराआड, ड्रायरही लागला. स्पीकरच्या आवाजात तो ऐकू येणं शक्य नव्हतं.

पुढची वीस मिनिटं कोणी पाहिली नाहीत. पण आतली रचना माहीत असलेल्या माणसाला ती दिसतात, आणि मला ती रोज दिसतात. ड्रायर रजईत पालथा. मागच्या जाळीने हवेऐवजी कापड ओढलं. आदल्या दुपारी मी साफ केलेली जाळी घरच्या कापसाने पुन्हा बुजली. वारा थांबला. तार पिवळट लाल झाली असणार, दाब २४५ च्या आसपास. थर्मोस्टॅट वाकला, संपर्क तुटला, पुन्हा जुळला, तुटला, जुळला. दर जुळणीला ठिणगी. मी पॉलिश पेपरने त्याचा वरचा कठीण थर घासून काढलेला. कधीतरी ते दोन ठिपके एकमेकांना डसले आणि सुटले नाहीत. इथे दुसऱ्या पहारेकऱ्याची पाळी. त्याच्या जागी तांब्याचा पीळ होता.

माइका नसलेल्या बाजूचं प्लास्टिक मऊ झालं. कापूस साधारण चारशे अंशांच्या आसपास पेट घेतो. तार त्याच्या दुपटीवर होती. रजईतला कापूस आधी भडकत नाही. तो आतल्या आत, तंबाखूसारखा, लाल कड पुढे सरकवत धुमसतो, आणि वारा मिळाला की पेटतो.

या सगळ्या वेळात घराच्या बोर्डवर एमसीबी जागा होता, आरसीसीबीही. दोन्ही मीच बसवलेले, चांगले. एमसीबी करंट मोजतो. ड्रायर साडेचार-पावणेपाच अँपियर घेत होता, दहाच्या एमसीबीला त्यात वावगं काय? आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून पाहतो आणि तीस मिलिअँपियरचा फरक दिसला की पडतो. फरक नव्हता. विजेच्या हिशेबात त्या खोलीत सर्व काही ठीक चाललं होतं. उष्णता मोजणारा घरात एकच होता, आणि त्याची जागा मी पिळाने भरली होती.

सकाळी ६.३१

दार उघडलं आईने. वय अठ्ठ्याहत्तर. तिला वास आला होता, "कापूस जळल्यासारका". दाराबरोबर वारा आत गेला.

मी धावलो तेव्हा ज्वाळा रुखवतापर्यंत पोचल्या होत्या. आई आत होती. नवरीचा शालू दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर येत होती आणि शालूच्या कडेला आग होती. कोणीतरी टँकरच्या पाण्याची बादली उचलली. "मेन बंद करा आधी! पाणी नोका टाकू!" असं ओरडत मी बोर्डाकडे गेलो. खारं पाणी आणि चालू वायर, माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच काही उभं राहिलं. पण खोलीचा एमसीबी तेवढ्यात पडलेला होता. वायरीचं इन्सुलेशन वितळून दोन्ही तारा एकमेकींना भिडल्या, तेव्हा कुठे त्याला पहिल्यांदा काहीतरी गैर दिसलं. शॉर्ट सर्किट झालं होतं खरं. आगीनंतर.

मी मेन पाडला. मग पाणी, रेती, ओली पोती.

सकाळी ७.१५

आईला दवाखान्यात नेलं. दोन्ही तळहात आणि डावा कोपर. पुढे त्या हाताची बोटं पूर्ण मिटली नाहीत. भाकरी थापणं सुटलं. रुखवतातलं काहीही वाचलं नाही. डाळींच्या रांगोळीतले दाणे तेवढे भाजल्यासारखे जमिनीला चिकटून राहिले होते आणि त्यांचा वास, लाज वाटते सांगायला, चांगला येत होता.

वऱ्हाड आलं. व्याही समंजस निघाले. "शॉर्ट सर्किट झालं का हो?" त्यांनी विचारलं. "हो ना, शॉर्ट सर्किट," दहा तोंडं म्हणाली. कोणी महावितरणला शिव्या दिल्या, कोणी जुन्या वायरिंगला. पार्लरवाली मुलगी एका कोपऱ्यात रडत होती, माझ्या हातून चालू राहिला म्हणत. तिला गप्प करायला बहीण गेली. मी गेलो नाही.

सकाळी १०.४०

मुहूर्ताला थोडा वेळ होता. भाची शेजाऱ्यांकडे तयार झाली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी साडीत, ओल्या केसांची वेणी घालून. मी एकटा खोलीत गेलो. रजयांच्या राखेत काठीने उकरलं. ड्रायरचं कवच काळ्या गुळासारखं पसरून घट्ट झालं होतं. मोटार होती. नायक्रोमची तार होती, थोडी वाकडी. तिच्या टोकाला थर्मल फ्यूजची जळकी नळी आणि तिच्या दोन्ही पायांना माझा तांब्याचा पीळ. तांबं हजार अंशांच्या पुढे वितळतं, एवढी ती आग नव्हती. पकडीने आवळला होता तसाच होता, एक वेढा इकडचा तिकडे नाही.

बाहेरून हाक आली, "मामा! मामा कुठं गेले? नवरीले आनाची हाय."

मी तो तुटेपर्यंत मुरगाळून काढला, खिशात टाकला, हात धुतले आणि बोहल्याकडे गेलो.